परत परत येणारी माणसं

पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाने गुडघ्यांची काळजी घ्यावी, नवीन काही शिकायला जाऊ नये, असं माझं मत होतं आणि अजूनही आहे. पण आपल्या मताला विचारतो कोण? ज्या वर्तमानपत्राच्या सांगली ऑफिसात मी जाहिराती घेत होतो ते ऑफिस बंद झालं. जाहिरात किती कॉलमची, किती सेंटिमीटरची, श्रद्धांजलीचा फोटो कुठल्या कोपऱ्यात चांगला दिसतो, एवढीच माझी विद्या. ती घेऊन मी बऱ्याच दारांत उभा राहिलो. सगळीकडे चहा मिळाला, काम मिळालं नाही.

शेवटी सांगलीतच एका लहानशा एजन्सीत चिकटलो; घर, बायको साताऱ्यात, मी आठवडाभर सांगलीत. हळदीचे नि बेदाण्याचे व्यापारी, एक दागिन्यांचं दुकान, दोन-तीन दवाखाने, अशांच्या वेबसाइट सांभाळायचं काम. मालक माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "काका, लिहिणारे पुष्कळ मिळतात. तुम्ही अॅनालिटिक्स शिका." काका म्हणाला, त्यात सगळं आलं.

शिकवायला मिरजेची एक मुलगी होती. चोविसेक वर्षांची असेल. मला सर म्हणायची, म्हणून मी तिचं ऐकायचो. ऑफिसातली बाकीची पोरं संध्याकाळी गाडीवरची चायनीज भेळ मागवून की-बोर्डवर सांडत बसायची आणि ही माझ्याशेजारी खुर्ची ओढून मला समजावायची. वेबसाइट म्हणजे दुकान समजा, सर. हे टूल म्हणजे दुकानाच्या दारात बसवलेला माणूस. कोण आलं त्याचं नाव त्याला कळत नाही, पण कुठल्या गावाहून आलं, कुठल्या फळीसमोर किती वेळ उभं राहिलं, काही न बघता दारातूनच मागे फिरलं का, हे सगळं तो टिपतो. दारातून फिरला त्याला बाउन्स म्हणायचं. मला हे बरं वाटलं. आमच्या वर्तमानपत्रात जाहिरात कोणी वाचली की नुसती त्यावर भजी खाल्ली, हे देवालाही कळायचं नाही.

"आणि सर, सगळ्यात महत्त्वाचं," ती म्हणाली, "एकदा येतो तो बघ्या. परत परत येतो तो घेणारा. त्याच्यावर लक्ष ठेवायचं."

धंद्यातली इतकी वर्षं गेल्यावर मला कोणी नवीन सांगितलेलं हे पहिलं खरं वाक्य, असं मला तेव्हा वाटलं.

सरावासाठी एक चालती वेबसाइट हवी होती. गिऱ्हाइकांच्या साइटवर मालक मला हात लावू देईना. त्याचंही बरोबर होतं. मग मला माझा मेव्हणा आठवला.

मेव्हणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. फौजेतून हवालदार होऊन पेन्शनवर आला, त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. त्यांचं गाव वाईच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत. ऊस, थोडी हळद, मागे डोंगर. घरटी एक माणूस मिलिटरीत. सणासुदीला त्या गावात गेलं की म्हातारे आणि शाळकरी पोरं दिसतात, मधली पिढी भिंतीवर फोटोत असते. मेव्हणाही असाच फोटोत होता. लग्न झालं आणि सुट्टी संपवून तो राजस्थानात गेला. मुलगी झाली तेव्हा ईशान्येला होता, ती पहिल्यांदा चालली तेव्हाही तिकडेच. आता ती मुलगी कऱ्हाडला कॉलेजात शिकते आणि बापाशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलते.

पेन्शनीत आणि उसात घर चालत होतं, मुलीचं पुढचं शिक्षण भागणार नव्हतं. पण त्याला आता गाव सोडायचं नव्हतं. त्याने रानाच्या कडेला दोन खोल्या बांधल्या. महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या फाट्यावरून धडाधड वर जातात, त्यातल्या चार जरी आत वळल्या तरी झालं, असा त्याचा हिशोब. त्याच्या बायकोने स्वतः पडदे शिवले. खाटांवर कापसाच्या गाद्या, दारात जास्वंद, न्हाणीघरात नवी बादली. गाड्या फाट्यावरून सरळ वर जात राहिल्या.

"वेबसाइट करू," मी म्हणालो. "तुझंही काम होईल, माझंही शिक्षण होईल."

तो आनंदला. पण तो लष्करातला माणूस, त्याला अंदाजपंचे काही चालत नाही. त्याच्या जुन्या साहेबाने पुण्याला एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझरची जागा त्याच्यासाठी बोलून ठेवली होती. नवीन वर्ष लागेपर्यंत साहेब थांबणार होते. मेव्हणा मला विहिरीवर घेऊन गेला, बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"दाजी, सरळ इचारतो. ह्यातनं मानसं येनार आसतील तर मी हितंच ऱ्हातो. आता हितंच मरायचं म्हणून आलोय. येनार नसतील तर सांगा, एक जानेवारीला पुन्याला जातो. पर मला लटकत ठिवू नगा. लय वर्सं लटकलोय."

मी म्हणालो, सांगेन. आकडे बघून सांगेन.

साइट मीच बनवली. फोटोही मीच काढले. डोंगर, उसाचे पट्टे, विहीर, मारुतीचं देऊळ, शाळेपुढचा पार, सकाळचं धुकं. लिहिलंही चांगलं, उगाच नाही कशाला म्हणू. श्रद्धांजल्या लिहून लिहून माणसाच्या हाताला थोडी माया येते.

पहिल्या आठवड्यात आकडे हलले ते माझ्यामुळे, माझ्या बायकोमुळे आणि दर तासाला साइट उघडून बघणाऱ्या मेव्हण्यामुळे. मिरजेची मुलगी हसली. आपलीच माणसं वगळायची असतात सर, नाहीतर घरची पोरंच दुकानात पळत असतात आणि आपल्याला वाटतं गर्दी आहे. तिने दाखवलं तसं मी आमचे तिघांचे फोन वगळले. फार नेटकं काम केल्यासारखं वाटलं. कोण कुठून आलं ते ठिपक्यांनी दाखवणारा टूलमधला नकाशा दोन दिवस कोरा राहिला.

आणि मग माणसं आली. गणपती बसायच्या सुमाराला असेल. रविवारी साताऱ्यात घरी मी लॅपटॉप उघडला तर भारताच्या नकाशावर ठिपके. जम्मू. जोधपूर. गुवाहाटी. पठाणकोट. नंतर लखनौ. दुसऱ्या दिवशी सांगलीला येऊन पाहिलं तर पुन्हा तेच, संध्याकाळच्या वेळेला. ही माणसं दारातून मागे फिरत नव्हती. फोटोंच्या पानावर थांबत होती, एकेका फोटोवर रेंगाळत होती, आणि परत येत होती. रोज.

खोल्यांची माहिती मात्र कोणी उघडत नव्हतं. बुकिंगच्या पानावर शुकशुकाट.

"वेळ लागतो सर," मिरजेची मुलगी म्हणाली. "लांबचे लोक आहेत. आत्ता मनात घोळवत असतील, डिसेंबरला निघतील." तिच्याही डोळ्यांत चमक होती. सांगलीतल्या बेदाणेवाल्यालासुद्धा एवढ्या लांबून परत परत कोणी येत नव्हतं.

मीही डोकं चालवलं. जोधपूरच्या लोकांना वाळू बघून कंटाळा आला असेल, हिरवं बघावंसं वाटत असेल. जम्मूकडचे थंडीतून पळून येत असतील. गुवाहाटीचं कारण मला सापडेना, पण एकदा चार गोष्टी जुळल्या की पाचवी आपण ओढून जुळवतोच. शनिवारी एसटीने साताऱ्याला यायचं आणि रविवारी बायकोला घेऊन तिच्या माहेरी जायचं, असा माझा क्रमच झाला. मेव्हणा वाट बघत असायचा. मी फोनवर नकाशा दाखवायचो. तो ठिपक्यांवरून बोट फिरवायचा.

"जम्मूवाला हिकडं यील?"

"का नाही येणार?"

"व्हय, यील की. मी हुतो तिकडं. तिथल्या मानसाला उसाचं लय कौतुक."

ज्याला एखादी गोष्ट हवी असते त्याला तिचा पुरावा बाजारात कुठेही मिळतो. आम्हा दोघांनाही हवी होती.

स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी, म्हणजे त्याची बायको, विचारायची, "आज कोन आलं?" जणू कोणी अंगणात चपला काढतंय. मी म्हणायचो, गुवाहाटीहून आले. ती मान हलवायची आणि कामाला लागायची. त्या दोन खोल्या ती रोज झाडायची. गाद्या उन्हात घालायची, संध्याकाळी आत घ्यायची, चादरी झटकून पुन्हा ताणून बसवायची. कोणी झोपलेलं नसायचं त्यावर. मला ते बघवायचं नाही, तरी मी म्हणायचो, डिसेंबर येऊ दे.

डिसेंबर आला. वाट चुकलेलं एक कुटुंब राहून गेलं. पुण्याचे दुसरे आले ते टीव्ही नाही म्हणून कुरकुरले आणि सकाळी नाश्ता न करता निघाले. बस्स. महाबळेश्वरला म्हणे गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. आमच्या नकाशावर मात्र ठिपके वाढतच होते.

नाताळच्या सुट्टीत मेव्हण्याने मला सांगून टाकलं, "दाजी, ठरलं माझं. येवढी मानसं रोज बगत्यात म्हंजी आज ना उद्या येनारच. एक तारखेला साहेबास्नी फोन करतो, न्हाई येत म्हनून." वहिनी तिथेच शेंगा फोडत बसली होती. तिने वर पाहिलं नाही, पण शेंगा फोडायचा वेग एकदम कमी झाला. माझी बायको तिच्याकडे बघून हसली. त्या दिवशी पहिल्यांदा मला मी काहीतरी शिकलो याचं समाधान वाटलं.

एकतीस तारखेला सगळ्यांनी जेवायला यायचं, असं त्याने फर्मान काढलं. त्याने गावात साजरं केलेलं हे पहिलंच नवीन वर्ष. सुट्टी मिळायची ती जत्रेला, नाहीतर कोणाच्या लग्नाला. एकतीस डिसेंबरला तो कायम कुठल्यातरी पोस्टवर. तिकडे त्या दिवशी बडाखाना असतो, साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांनी एकत्र जेवायचं. ईशान्येला असताना तिकडच्या एका स्वयंपाक्याने त्याला चायनीज करायला शिकवलं. तेव्हापासून दर बडाखान्याला नूडल्स ह्याच्याकडे. कढईपाशी उभं राहून तो वहिनीला फोन लावायचा आणि फोन कढईवर धरायचा. वहिनी सांगायची, मला नुसतं छन्न ऐकू यायचं, वास काय फोनातनं येतोय व्हय?

"आता समोर बसून खा," तो तिला म्हणाला होता.

नूडल्सचे पुडे, सोया सॉस आणि व्हिनेगर मी सांगलीहून आणलं. दुपारीच आम्ही पोचलो. मुलगी परीक्षेमुळे कऱ्हाडलाच राहिली होती. अंगणात त्याने विटांची चूल मांडली होती, वर जत्रेच्या जेवणाची मोठी कढई. कोबी, गाजर, ढबू मिरची, कांद्याची पात, सगळं त्याने सुरीने सारखं चिरलं, काडीइतकं लांब. आम्हाला हात लावू दिला नाही. उकडलेल्या नूडल्स खाटेवर धुतलेल्या धोतरावर पसरल्या तेव्हा वहिनी पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"आवं, ह्या शेवयाच की! आमी गोड करतो, तुमी तिखाट करता. ह्यासाठनं येवढी वर्सं फोन करत हुता व्हय?"

"खाऊन बोल," तो म्हणाला.

मंचुरियनचे गोळे बघून तिने तेही कोबीच्या भज्यांत काढले. माझ्या बायकोलाही चेव आला. नणंद-भावजया मिळून मेव्हण्याच्या चायनीजचं बारसं करत होत्या आणि तो लाल डोळ्यांनी चूल फुंकत खूश होता. त्या घरात एवढं हसू मी त्याआधी ऐकलं नव्हतं. त्यानंतर तर नाहीच.

ऊन उतरलं तेव्हा त्याचा चुलतभाऊ आला. तिशीतला जवान, नुकताच सुट्टीवर आलेला, केस बारीक कापलेले. आल्या आल्या मेव्हण्याच्या पाया पडला आणि चुलीपाशी उकिडवा बसला. मेव्हण्याला त्याच्यासमोर मिरवायचं होतं.

"दाजी, ह्याला दावा आपला नकाशा. कुटनं कुटनं मानसं बगत्यात, दावा."

मी फोन काढला. जवानाने तो हातात घेतला, जवळ नेला, लांब धरला.

"हे काय हाय?"

"आपली साइट कुठून कुठून उघडतात ते," मी म्हणालो. "हा बघा, जम्मू."

"ह्यो मी," तो म्हणाला.

मला आधी वाटलं तो गंमत करतोय. तो बोट ठेवून पुढे सरकला, हजेरी घ्यावी तसा. "जोधपूर म्हंजी खालच्या आळीतला, आपल्या पैलवानाचा पोरगा. गुवाहाटीला मास्तरांचा थोरला. पठाणकोटला आपलीच तिघं हायती. ह्या दादांनीच गणपतीत ग्रुपवर टाकली हुती न्हवं का लिंक, गावच्या जवानांच्या? तवापासनं रोज उघडतो समदी. संध्याकाळी रोल कॉल झाला की पहिलं हेच."

मेव्हणा कढईत सराटा फिरवत होता. तो फिरवत राहिला.

"त्यो देवळाचा फोटू हाय न्हवं का," जवान मला सांगू लागला, "त्यात उजव्या कोपऱ्यात आमच्या घराचं छप्पर आलंय. दार बी आलंय निम्मं. बगताना वाटतं, आई आता यील भाईर. फोटू तर रोज त्योच असतोय. म्हाईत असतंय. तरी बगतो."

त्याला वाटलं आम्ही ऐकतोय, म्हणून तो आणखी सांगत राहिला. पैलवानाच्या पोराला विहीर आवडते. मास्तरांचा थोरला धुक्याचा फोटो मोठा करून करून बघतो, कारण त्याचं रान त्या धुक्यामागे आहे. मी आमचे तीन फोन वगळले होते. आख्खं गाव वगळायला हवं होतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी त्या गावचा जावई. त्या गावाचा नकाशा काढायचा तर भारताचा काढावा लागतो, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

आणि टूल खोटं बोललं नव्हतं, याचा मला जास्त राग आला. कोण थांबलं, किती थांबलं, किती वेळा परत आलं, सगळं खरं. का आलं, एवढंच त्याला कळत नव्हतं. मला कळायला हवं होतं.

मेव्हण्याने सराटा थांबवला. आमच्याकडे न बघता त्याने विचारलं, "लखनौला कोन हाय रं?"

जवान विचारात पडला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. वहिनीही बघत होती. लखनौला आपलं कोणी नसू दे, असं मी मनात म्हणालो. एक तरी परका माणूस असू दे.

"लखनौ..." तो म्हणाला. "हां! मिस्तऱ्याचं बारकं न्हाई का? मेडिकलच्या ट्रेनिंगला गेलंय तिकडं. आपलाच की त्यो."

"व्हय व्हय," मेव्हणा म्हणाला. "इसरलोच मी."

कढईतून करपल्याचा वास आला. त्याने ती फडक्याने धरून खाली उतरवली आणि ताटं मागितली. सगळ्यांना वाढलं. वहिनीला आधी, मग माझ्या बायकोला, मग जवानाला, मला, शेवटी स्वतःला. "खावा, गार हुतंय," म्हणाला. वहिनीने घास तोंडात घातला आणि तो बघतोय म्हणून मान हलवली, झकास झालंय अशी. पुढे ती ताटातल्या नूडल्स नुसत्या चिवडत राहिली. तो मात्र जेवला. दुसऱ्यांदा घेऊन जेवला. जवानाला आता काहीतरी बिनसल्याचं जाणवलं होतं. "काय झालं वो? मी काय चुकीचं बोललो का?" त्याने विचारलं. माझ्या बायकोने त्याला आणखी मंचुरियन वाढलं आणि म्हणाली, "काही नाही रे. तू जेव."

बाराची वाट कोणी बघितली नाही. भांडी चुलीपाशी तशीच ठेवून सगळे लवकर आडवे झाले. आम्हा नवरा-बायकोला त्या दोन खोल्यांपैकी एक उघडून दिली होती. ताणून बसवलेल्या चादरीवर आम्ही पडलो. बायको म्हणाली, "तू मुद्दाम केलंस असं कोणी म्हणत नाही." त्या खोलीत फार स्वच्छ वास येत होता.

सकाळी उठलो तर मेव्हणा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून विहिरीपाशी उभा. तिथे रेंज चांगली येते. मी लगबगीने गेलो. रात्रभर मनात जुळवलेलं त्याला सांगू लागलो. मे महिन्यापर्यंत थांब, उन्हाळ्याचा हंगाम असतो. मी पुण्या-मुंबईकडे जाहिरात करतो. आता मला कळलंय कुठे चुकलं ते.

"दाजी," त्याने मला थांबवलं, "लटकत ठिवनार न्हाई म्हनला हुता तुमी."

त्याच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने फोन लावला आणि आपोआप ताठ उभा राहिला. "जय हिंद साब. हां साब. नया साल मुबारक साब. आता हूँ साब." एवढंच. फोन खिशात टाकून तो थोडा वेळ विहिरीत वाकून बघत राहिला, पाणी किती आहे ते बघावं तसा.

"साइट बंद करून टाकू का?" मी विचारलं. मला ती डोळ्यांसमोर नको झाली होती.

"येडं का काय तुमी? पोरं बगत्यात. ऱ्हाऊ द्या."

वहिनी अंगणात राखेने कढई घासत होती. तळाला नूडल्स चिकटून बसल्या होत्या, निघत नव्हत्या. तिने आमच्याकडे पाहिलं. कोणी काही सांगायची गरज नव्हती. ती पुन्हा घासायला लागली, जोरात.

आठवड्याच्या आत तो गेला. मला पोचवायला जाता आलं नाही, मी सांगलीत होतो. मालकाने मला ठेवून घेतलं होतं. मिरजेच्या मुलीला मी सगळं सांगितलं तेव्हा तिने स्क्रीनवरचा नकाशा बंद केला. मग म्हणाली, "सर, असं कुठल्या कोर्समध्ये नसतं." त्या संध्याकाळी तिने पोरांबरोबर भेळ खाल्ली नाही. त्यानंतर कोणत्याही गिऱ्हाइकाला आकडे दाखवताना माझी जीभ जड होते. बेदाणेवाले विचारतात, हे परत परत येणारे कोण? मी म्हणतो, चौकशी करावी लागेल.

दुसऱ्या रविवारी बायकोबरोबर मी तिकडे गेलो. घर नेहमीसारखं होतं, फक्त मेव्हण्याची सायकल आत घेऊन ठेवली होती. दोन्ही खोल्यांना कुलूप. गाद्या उन्हात नव्हत्या. चहा झाल्यावर बायको शेजारी कोणाला भेटायला गेली आणि वहिनी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ती माझ्याशी कधी फार बोलायची नाही.

"दाजी, त्या फोटूत मला घ्या."

मला कळेना.

"तुमच्या त्या साइटीवर. डोंगार घेतलाय, हीर घेतलीया, देऊळ घेतलंय. मानूस एक बी घेतलं न्हाई तुमी. आता ते बी तिकडं गेटावर बसून बगत्याल रोज. मला घ्या त्यात."

खरंच एकही माणूस नव्हता. फोटोत माणसं नकोत, जागा मोकळी दिसली पाहिजे, हे मी कुठेतरी शिकलो होतो. मी फोन काढला. ती घराच्या दारात जाऊन उभी राहिली. पदर नीट केला, हात कुठे ठेवावेत ते तिला सुचेना, मग तिने एक हात चौकटीवर ठेवला. चेहरा तसाच, गेले कित्येक दिवस झोप नसल्यासारखा. सवयीने माझ्या तोंडून गेलं, "वहिनी, जरा हसा."

"न्हाई," ती म्हणाली. "हसल्याला फोटू बगून त्यास्नी वाटंल, हितं समदं बरं चाललंय. मग ते तिकडंच ऱ्हात्याल. हाय तशी घ्या."

मी आहे तसाच फोटो काढला आणि तिच्यासमोरच साइटवर चढवला.